प्रोसेसरचा सातबारा

राहात्यात पेरूचा हंगाम ऐन भरात होता. नगर-मनमाड रस्त्याच्या कडेला पाट्या लागल्या होत्या आणि आमच्या ओट्यावर भाचा एक जुना लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होता. इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष, नवा लॅपटॉप परवडत नाही म्हणून सेकंडहँड आणलेला. अठरा हजारांना.

“मामा, आय-सेव्हन आहे. सहाव्या जनरेशनचा. बघा ना.”

बघितलं. विंडोजच्या सिस्टिमच्या पानावर स्वच्छ लिहिलं होतं: इंटेल कोअर आय-सेव्हन ६६०० यू, २.६० गिगाहर्ट्झ. पण त्याच ओळीत शेवटी विंडोजने स्वतः मोजलेला वेग येतो, तिथे २.५० होतं. खऱ्या ६६०० यूवर तो आकडा २.८१ दिसायला हवा. ज्याच्या नावातच २.६० आहे तो मोजताना २.५० कसा भरेल? शंका तिथेच आली. खिशातल्या पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं, काळ्या पडद्यावर ‘एलएससीपीयू’ ही आज्ञा दिली. उत्तर आलं: आय-फाइव्ह ६३०० यू, २.४० गिगाहर्ट्झ. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा.

विकणाऱ्याने चिप बदलली नव्हती. चिप उघडायचीही गरज नसते. विंडोज सुरू होताना प्रोसेसरला त्याचं नाव विचारतं आणि ते रजिस्ट्री नावाच्या आपल्या दप्तरात लिहून ठेवतं. सिस्टिमचं पान ते नाव दप्तरातून वाचतं, चिपला पुन्हा विचारायला जात नाही. मग मधल्या वेळात दप्तरात खाडाखोड केली की झालं. दर वेळी मशीन सुरू झालं की ही नोंद पुन्हा खरी होते, म्हणून त्याने एक छोटी स्क्रिप्ट बसवली होती. मशीन उठलं की ती आधी उठायची आणि पाचाचे सात करायची. मोजलेल्या वेगाचा रकाना मात्र तो विसरला.

हे सगळं भाच्याला सांगताना माझ्या लक्षात आलं की सातबाऱ्याच्या गावात वाढलेल्या मुलाला ही गोष्ट समजवायला फार कष्ट पडत नाहीत. जमीन वेगळी, जमिनीची नोंद वेगळी, आणि नोंदीचा आपल्या हातात आलेला उतारा तिसराच. प्रोसेसरचंही तेच आहे. अॅप्लिकेशनला, म्हणजे आपल्या ब्राउझरला, गेमला, हवामानाच्या मॉडेलला, प्रोसेसरबद्दल जे काही कळतं ते बहुतेक वेळा उताऱ्यावरून कळतं. तो उतारा देतो ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, कर्नल.

आता कुणी म्हणेल, प्रोग्राम प्रोसेसरवरच चालतो ना? मग थेट त्यालाच का विचारत नाही? इंटेल आणि एएमडीच्या चिपवर खरंच विचारता येतं. ‘सीपीयूआयडी’ नावाची एक सूचना आहे. ४८६च्या शेवटच्या आवृत्त्यांत ती आली आणि १९९३च्या पेंटियमपासून सगळीकडे रुळली. ती शून्य क्रमांकाचा प्रश्न विचारून चालवली की चिप आपल्या कंपनीचं नाव रोमन लिपीतल्या १२ अक्षरांत सांगते. इंटेलची चिप ‘जेन्युइन’ आणि ‘इंटेल’ हे शब्द जोडून सांगते, एएमडीची ‘ऑथेंटिक’ आणि ‘एएमडी’ जोडून. दोघांनाही आपण अस्सल आहोत हे ठासून सांगावंसं वाटलं, याची मला नेहमी गंमत वाटते. ही सूचना कोणीही साधा प्रोग्राम चालवू शकतो, कर्नलची परवानगी लागत नाही. माझ्या पेनड्राइव्हवरच्या लिनक्सनेही मशीन उठताना याच सूचनेने चिपला तिचं पूर्ण नाव विचारलं होतं, म्हणून खरं नाव बाहेर आलं. एक सांगून ठेवतो, एएमडीच्या चिपवर हे लांबलचक व्यापारी नाव बायोसला बदलता येतं. तेव्हा नावापेक्षा फॅमिली आणि मॉडेलचे क्रमांक बघावेत.

पण मोबाइलमध्ये असते आर्मच्या घराण्यातली चिप, आणि तिचा स्वभाव वेगळा. तिथे ओळख सांगणारी रजिस्टरं फक्त कर्नलला उघडी असतात. साध्या प्रोग्रामने त्यात डोकावायचा प्रयत्न केला की प्रोसेसर त्याला तिथल्या तिथे थांबवतो आणि कर्नलकडे तक्रार करतो. २०१७पासून ६४ बिटी आर्मवरचं लिनक्स ही तक्रार समजुतीने घेतं. प्रोग्रामला हाकलून न देता त्याच्या वतीने आपण वाचतं आणि योग्य वाटेल तेवढं त्याला सांगतं. रिस्क-फाइव्ह हे त्याहून नवं घराणं. आपल्या सी-डॅक या संशोधन संस्थेचे वेगा प्रोसेसर याच घराण्यातले. तिथे तर कुठल्या चिपमध्ये कोणत्या सोयी घ्यायच्या हे बनवणाऱ्यावर सोडलेलं असतं, त्यामुळे ‘तुझ्यात काय काय आहे’ हा प्रश्न आणखी महत्त्वाचा. त्यासाठी लिनक्समध्ये २०२३ साली एक स्वतंत्र सिस्टिम कॉलच आला.

बरं, कर्नल सांगतं कसं? यातली सर्वांत लाघवी रीत म्हणजे खोटी फाइल. १९८४ साली बेल लॅब्जच्या टॉम किलियनने युनिक्समध्ये ‘प्रॉक’ नावाची डिरेक्टरी आणली. तिच्यातल्या फाइली डिस्कवर कुठेच नसतात. चालू प्रोसेसबद्दल काही हवं तर फाइल उघडून वाचायची. लिनक्सने ही कल्पना उचलली आणि वाढवली. आज कुठल्याही लिनक्स मशीनवर प्रॉकमध्ये ‘सीपीयूइन्फो’ नावाची फाइल सापडते. तिचा आकार बघितला तर शून्य बाइट. उघडली तर पानंच्या पानं मजकूर. कारण आपण वाचायला लागतो त्या क्षणी कर्नल तो मजकूर लिहायला घेतं. अर्ज आला की तलाठ्याने उतारा लिहावा तसं. आधी लिहून ठेवलेलं काही नसतं, त्यामुळे विंडोजच्या त्या दप्तरासारखी त्यात परस्पर खाडाखोडही सहज करता येत नाही.

भाच्याच्या फोनवर टर्मक्स हे लिनक्सच्या आज्ञा चालवणारं अॅप होतं. त्यावर तीच फाइल उघडून दाखवली. त्याला वाटलं, आता स्नॅपड्रॅगन असं काहीतरी येईल. आलं ते असं: सीपीयू इम्प्लिमेंटर, सोळाच्या पायातलं ४१. सीपीयू पार्ट, डी०३. ४१ म्हणजे रोज वापरतो त्या अंकांत ६५, आणि ६५ हा संगणकाच्या लिपीत मोठ्या ‘ए’चा क्रमांक. ए म्हणजे आर्म. डी०३ म्हणजे कॉर्टेक्स ए-५३, स्वस्त फोनमधला बैल. लॅपटॉपवर जिथे पूर्ण नाव येतं तिथे फोनवर गट नंबर येतो. एकाच नावाची फाइल, पण घराणं बदललं की रकाने बदलतात. ही फाइल मुळात माणसाने वाचायची म्हणून होती, तिचा ठरावीक नमुना कुणी आखलाच नव्हता.

आणि माणसासाठी लिहिलेली फाइल प्रोग्राम वाचायला लागले की काय होतं, त्याची एक गोष्ट लिनक्सच्या जगात फार चवीने सांगितली जाते. त्या फाइलमध्ये ‘बोगोमिप्स’ नावाचा एक आकडा असतो. १९९३च्या सुमाराला लायनस टॉरवाल्ड्सने तो घातला. कर्नलला कधीकधी अगदी थोडा वेळ नुसतं थांबायचं असतं. त्यासाठी रिकामं चक्र किती वेळा फिरवायचं हे ठरवायला मशीन सुरू होताना एक मोजणी होते, तिचा हा आकडा. नावातला ‘बोगो’ बोगसवरून आलाय. म्हणजे जन्मदात्यानेच त्याला बोगस म्हणून ठेवलंय. तरी लोक वर्षानुवर्षं त्यावरून मशीनची किंमत करतात. आर्मच्या नव्या चिपवर तर तो आकडा टायमरच्या वेगावरून काढला जातो, प्रोसेसरशी त्याचा संबंधच उरत नाही. रास्पबेरी पाय चारवर तो १०८.०० दिसतो, कारण टायमर ५४ मेगाहर्ट्झचा आहे आणि त्याची दुप्पट १०८. बस्स.

२०१३ साली आर्मच्या कर्नल सांभाळणाऱ्यांनी विचार केला, हा निरर्थक आकडा काढूनच टाकू. काढला. आणि काही लोकांच्या मशीनवर आवाज बंद पडला. गाणं वाजवायचं आणि बोगोमिप्सचं नातं काय? तर आवाज हाताळणारी एक लायब्ररी सुरू होताना प्रोसेसरचा वेग शोधण्यासाठी ही फाइल चाळायची. ओळ सापडली नाही की चूक दाखवून मरायची. शेवटी जानेवारी २०१५मध्ये तो आकडा सन्मानाने परत आणला गेला. खोटा आहे हे सगळ्यांना ठाऊक, पण एकदा दिलेली नोंद मागे घेता येत नाही. लिनक्सचा हा कडक नियमच आहे: वापरकर्त्याचा चालता प्रोग्राम कर्नलमुळे मोडता कामा नये.

लॅपटॉपवरच्या याच फाइलमध्ये ‘फ्लॅग्ज’ नावाची एक लांबलचक ओळ असते. चिपमध्ये कोणकोणत्या खास सूचना आहेत त्यांची लघुरूपं. ‘एलएम’ म्हणजे ६४ बिट चालतं, ‘एईएस’ म्हणजे कूटलेखन चिपमध्येच होतं, ‘व्हीएमएक्स’ म्हणजे आभासी मशीन चालवता येतं. भाच्याने त्यात एसएसई-३ शोधलं. एसएसई दिसलं, एसएसई-२ दिसलं, पुढचं ४.१ दिसलं, तीन नाही. मी म्हटलं, ‘पीएनआय’ बघ. इंटेलने ही सोय प्रथम आणली तेव्हा तिचं नाव ‘प्रेस्कॉट न्यू इन्स्ट्रक्शन्स’ होतं, प्रेस्कॉट हे त्या चिपचं आतलं नाव. लिनक्समध्ये तेच चढलं. पुढे इंटेलने नाव बदललं, पण तोवर प्रोग्राम पीएनआय शोधायला लागले होते. आजोबांचं नाव तुकाराम, उताऱ्यावर पडलं तुका, आणि तीन पिढ्या तुकाच चाललाय, असली घरं आमच्याकडे चिक्कार आहेत.

त्या ओळीत आणखी एक खोच आहे. चिपमध्ये जे आहे ते सगळं तिथे येतंच असं नाही. कर्नलला जे मान्य आहे तेवढंच येतं. २०११मध्ये इंटेलने एव्हीएक्स आणलं, एका सूचनेत आठ-आठ अपूर्णांक हाताळणारी रुंद रजिस्टरं. ती चिपमध्ये असणं पुरेसं नव्हतं. एका प्रोग्रामला बाजूला करून दुसऱ्याला चालवताना कर्नल पहिल्याची रजिस्टरं जपून ठेवतं आणि पाळी आली की परत भरून देतं. जुन्या कर्नलला या रुंद रजिस्टरांची माहितीच नसेल तर ते जपणार काय? दोन प्रोग्रामांचे आकडे एकमेकांत मिसळतील. म्हणून नीट लिहिलेला प्रोग्राम दोन प्रश्न विचारतो. चिपला: तुझ्यात आहे का? आणि मग: कर्नलने हे वापरायला मोकळं केलंय का? विहिरीला पाणी आहे, पण मोटारीला कनेक्शन आहे का, हा दुसरा प्रश्न. तो न विचारता सूचना चालवली की प्रोग्राम ‘बेकायदा सूचना’ असा शेरा घेऊन तिथेच संपतो.

इंटेलच्या अलीकडच्या सर्व्हर चिपमध्ये मॅट्रिक्सच्या गणितासाठी जी सोय आहे, तिची रजिस्टरं एकट्यानेच ८ किलोबाइट खातात. तिच्यासाठी २०२२पासून लिनक्सने आणखी पुढची पायरी ठेवली. तिथे नुसतं विचारून भागत नाही, प्रोग्रामने आधी रीतसर परवानगी मागायची.

आता सगळ्यांत साधा वाटणारा प्रश्न घेऊ. कोअर किती?

भाच्याच्या लॅपटॉपवर लिनक्स सांगत होतं चार. इंटेलच्या कागदावर दोन. दोन्ही बरोबर, कारण एकेक कोअर दोन धागे चालवतो आणि कर्नल धागे मोजतं. पण हा झाला पहिलाच फाटा. ‘सिस’ नावाच्या दुसऱ्या डिरेक्टरीत, जी २००३ साली लिनक्सच्या २.६ आवृत्तीबरोबर रीतसर आली, सीपीयूच्या खाली एकेका आकड्याची एकेक फाइल आहे. इथे मजकूर माणसासाठी नाही, प्रोग्रामसाठी आहे: एका फाइलीत एकच गोष्ट. ‘पॉसिबल’ म्हणजे या मशीनवर जास्तीत जास्त किती येऊ शकतील. ‘प्रेझेंट’ म्हणजे बसवलेले किती. ‘ऑनलाइन’ म्हणजे त्यातले जागे किती. फोनमध्ये बॅटरी वाचवायला कर्नल पूर्वी सर्रास कोअर झोपवून टाकायचं. तेव्हा एखादा गेम सुरू होताना जागे कोअर मोजायचा, दोन सापडायचे, आणि पुढे आठही जागे झाले तरी तो दोनावरच चालत राहायचा.

सातबाऱ्यातही हेच आहे की. नमुना सात सांगतो जमीन कुणाची आणि किती. त्यातच पोटखराबा वेगळा काढलेला. नमुना बारा सांगतो त्यात सध्या काय उभं आहे. आणि दोन्ही वाचून झाल्यावरही ‘यातलं माझ्या वाट्याला किती’ हे उरतंच, कारण उतारा सामाईक असतो. प्रोसेसरच्या बाबतीत हा वाट्याचा प्रश्न विचारायची जागा वेगळी आहे. कर्नल एखाद्या प्रोग्रामला ठरावीक कोअरवरच बांधून ठेवू शकतं. तेव्हा मशीनवर ६४ असले तरी त्याच्यापुरते चारच. ‘एनप्रॉक’ ही छोटी आज्ञा हा विचार करून उत्तर देते. सीपीयूइन्फो फाइल करत नाही, ती अख्ख्या गटाचा उतारा देते.

याच्याही पुढचा वाटा वेळेचा असतो, आणि तो समजायला राहात्याचं माणूस हवं. आमच्याकडे गोदावरीच्या उजव्या कालव्याचं आवर्तन सुटतं. कालवा केवढा रुंद आहे याला अर्थ नसतो. तुमची बारी किती तास, त्याला अर्थ असतो. बारी संपली की दार बंद, पुढच्या आवर्तनापर्यंत उभं पीक वाट बघतं. कंटेनरमध्ये, म्हणजे एकाच सर्व्हरवर आखून दिलेल्या वेगळ्या कप्प्यात, चालणाऱ्या प्रोग्रामांना कर्नल असंच पाणी देतं. हल्लीच्या लिनक्सवर ‘सीपीयू डॉट मॅक्स’ या फाइलमध्ये दोन आकडे असतात, समजा २००००० आणि १०००००. दोन्ही मायक्रोसेकंदांत. अर्थ असा, की दर १०० मिलिसेकंदांच्या आवर्तनात या गटाने सगळे कोअर मिळून २०० मिलिसेकंद वापरायचे. म्हणजे साधारण दोन कोअरचं पाणी. संपलं की दार बंद.

यात मी स्वतः पोळलोय. २०१७ सालची गोष्ट. एका कंपनीसाठी जावामध्ये लिहिलेली सेवा आम्ही कंटेनरमध्ये टाकली. खाली सर्व्हर ६४ धाग्यांचा, आमची बारी दोन कोअरची. सेवा अधूनमधून अडखळायची. सरासरी उत्तम, पण मध्येच एखाद्या विनंतीला उगाच शंभर मिलिसेकंद जास्त. आठवडाभर नेटवर्कवाल्यांशी भांडलो. दोष आमचाच होता. त्या वेळची जावा कोअर मोजायची ती मशीनचे. ६४ दिसले की मेमरीतला कचरा गोळा करायला ती ४३ धागे काढायची. पहिल्या आठांना आठ, पुढच्या छप्पन्नांच्या पाच-अष्टमांश पस्तीस, हे तिचं सूत्र. हे ४३ जण एकदम कामाला लागले की २०० मिलिसेकंदांची बारी पाच मिलिसेकंदांच्या आत संपायची. मग उरलेले ९५ मिलिसेकंद सगळी सेवा दाराशी उभी. मार्च २०१८मध्ये आलेल्या जावा १०ने हे कंटेनरचं गणित स्वतःहून बघायला सुरुवात केली. गो भाषेत ही समज यायला ऑगस्ट २०२५मधली १.२५ आवृत्ती उजाडली.

चूक कुणाची, हे मला आजही एका वाक्यात सांगता येत नाही. कर्नलने खोटं सांगितलं नव्हतं. जावानेही चुकीचं ऐकलं नव्हतं. विचारला तो प्रश्न ‘गावात पाणी किती’ होता, आणि हवं होतं ‘आमच्या बांधावर किती येणार’.

पूर्वी ही प्रोसेसरांची मोजदाद कशी चालायची, ते बघायला राहात्याहून पुण्याला जावं लागतं. सी-डॅकची स्थापना १९८८ची. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली तिथे १९९१मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा राहिला, इन्मॉस या ब्रिटिश कंपनीच्या ट्रान्सप्युटर चिप एकमेकींना जोडून. ट्रान्सप्युटरला चार तारा फुटतात. एकेक तार शेजाऱ्याला जोडायची आणि असं जाळं विणायचं. त्या जगात मशीनला ‘प्रोसेसर किती’ असं विचारायची रीत नव्हती. ऑकम भाषेत प्रोग्राम लिहिताना प्रोग्रामरच लिहून द्यायचा: हे काम त्या क्रमांकाच्या चिपवर, आणि तिची दोन नंबरची तार अमक्या चिपच्या तीन नंबरला. चतुःसीमा स्वतःच्या हाताने लिहायची. एखादी चिप बंद पडली, तार बदलली, तर कागद बदला. ज्यांना प्रत्यक्षातली जोडणी तपासायची होती त्यांनी एक भन्नाट उपाय काढला होता. ‘वर्म’ नावाचे प्रोग्राम. हा किडा एका चिपमध्ये शिरायचा, चारही तारांवरून शेजारी आपलीच प्रत सोडायचा, त्या प्रती पुढच्या शेजारी, आणि शेवटी सगळ्या मिळून किती चिप भेटल्या नि कशा जोडल्यात त्याचा नकाशा परत आणायच्या. तलाठी नसलेल्या गावात साखळी घेऊन स्वतःच मोजणी करत फिरण्यासारखं.

त्याच शहरात पाषाणला, उष्णदेशीय हवामान संस्थेत, जानेवारी २०१८मध्ये प्रत्यूष हा महासंगणक सुरू झाला. त्याच्या एका नोडमध्ये, म्हणजे जोडलेल्या संगणकांपैकी एकात, इंटेलच्या दोन चिप, प्रत्येकीत १८ कोअर, असे ३६. सगळे मिळून १ लाख १९ हजारांच्या वर. पावसाचा अंदाज १२ किलोमीटरच्या चौकटींत देणारं मॉडेल अशा मशीनवर चालायचं. एवढ्या कोअरची चतुःसीमा कोण हाताने लिहील? इथे प्रत्येक नोडवर लिनक्स असतं आणि जोडणीचा नकाशा ते सिसमधल्या फाइलींत मांडून ठेवतं. नकाशा लागतो तो यासाठी, की दोन चिपना आपापली मेमरी जवळ असते आणि दुसरीची लांब. पहिल्या चिपवरचं काम दुसरीच्या मेमरीत आकडे ठेवून बसलं तर प्रत्येक वेळी रस्ता ओलांडून पाणी आणावं लागतं. कुठल्या दोन धाग्यांचा कोअर एक, कुठल्या कोअरची तिसऱ्या पातळीची कॅश सामाईक, कुठली मेमरी कुणाच्या वाट्याची, हे वाचून एकत्र मांडणारी ‘एचडब्ल्यूलोक’ नावाची एक लायब्ररी आहे. महासंगणकांच्या जगात कामं कोअरवर बांधताना तिचा फार आधार असतो. भाच्याच्या लॅपटॉपवर मी तीच चालवून दाखवली. दोन कोअर, चार धागे, ३ मेगाबाइटची कॅश, चौकटीत चौकट असं सुरेख चित्र आलं. त्याला आय-सेव्हन गेल्याचं दुःख तेवढ्यापुरतं विसरायला झालं.

तरी अजून एक पेच राहतो: एकाच चिपवरचे कोअर एकमेकांसारखे नसले तर? बऱ्याच फोनमध्ये नसतातच. चार दांडगे, चार काटकसरी. २०१६मध्ये सॅमसंगच्या एक्झिनॉस ८८९०वर, गॅलेक्सी एस-७मध्ये असायची ती, मोनो नावाची प्रोग्राम चालवणारी प्रणाली वापरणारी अॅप्स अधूनमधून विनाकारण मरायला लागली. मोनोच्या लोकांनी पुष्कळ डोकेफोड केली आणि कारण सापडलं ते असं. मोनो चालता चालता नवी सूचना-संहिता तयार करतं. ती बनवली की कॅशमधली जुनी प्रत पुसावी लागते, एकेक ओळ करून. ओळ किती रुंद, हे मोनो एकदाच विचारून लक्षात ठेवायचं. दांडग्या कोअरवर उत्तर १२८ बाइट, काटकसरीवर ६४. दांडग्यावर असताना विचारलं, १२८ लक्षात ठेवलं, आणि मग कर्नलने प्रोग्राम काटकसरीवर हलवला की पुसताना प्रत्येक दुसरी ओळ सुटायची. जुन्या सूचना तिथे तशाच, आणि प्रोग्राम त्या खऱ्या समजून चालवायचा. उत्तर खरं होतं, पण ज्या कोअरने दिलं त्याच्यापुरतंच. पुढे लिनक्स कर्नलने यात मध्यस्थी केली: कोअरची उत्तरं जुळत नसतील तर चिपला थेट विचारूच द्यायचं नाही, अडवायचं आणि सगळ्यांत सुरक्षित म्हणजे लहान आकडा सगळ्यांना सांगायचा. दांडग्या कोअरबद्दल ते धडधडीत खोटं असतं. पण त्या खोट्यावर प्रोग्राम जगतात.

कर्नलने किती सांगावं, याला दुसरी बाजूही आहे. १९९९मध्ये इंटेलने पेंटियम-३मध्ये प्रत्येक चिपचा स्वतंत्र क्रमांक घातला आणि कुठल्याही प्रोग्रामला तो वाचता येईल अशी सोय केली. लोकांनी आरडाओरडा केला, की हा तर माणसाचा माग काढायचा नंबर. पुढच्या चिपमधून तो गेला. आज ब्राउझर वेबसाइटला कोअरचा आकडा सांगतात. एकटा तो निरुपद्रवी, पण पडद्याचा आकार, फाँट, भाषा अशा चार गोष्टी जोडल्या की माणूस गर्दीतून वेगळा ओळखू येतो. अँड्रॉइडनेही मधल्या काळात प्रॉकमधल्या काही फाइली साध्या अॅप्सना बंद केल्या. उलट जानेवारी २०१८मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरच्याच दोषांचा गवगवा झाला, तेव्हा लिनक्सने सिसमध्ये ‘व्हल्नरेबिलिटीज’ नावाची नवी डिरेक्टरी उघडली. एकेका दोषाची एकेक फाइल, आणि आत सरळ शब्दांत शेरा: बाधित नाही, बाधित आहे, किंवा उपाय लावला आहे. बोज्याचा रकानाच म्हणा. सेकंडहँड मशीन घेताना नावाआधी मी हल्ली हा बघतो.

भाच्याने तोही उघडला. मेल्टडाउनपुढे उपाय लावल्याचा शेरा होता. मग सीपीयूइन्फोमध्ये खाली येऊन त्याने बोगोमिप्स बघितलं. पाच हजारांच्या जवळ होतं.

“मामा, हे चांगलं आहे का?”

“आत्ता अर्धा तास काय सांगितलं मी?”

पडद्याचा फोटो काढून त्याने विकणाऱ्याला पाठवला. दोन दिवसांनी भाच्याचा फोन आला. अडीच हजार परत मिळाले होते. वर विकणाऱ्याचा निरोप होता, की मामांना म्हणावं, तो पेनड्राइव्ह राहात्यात सगळ्यांना वाटत बसू नका.